आधी आडवी करा

शिलाई मशीनच्या फळीवरून एक बॉबिन घरंगळली, टिण् करून फरशीवर पडली आणि गोल गोल फिरत कपाटाखाली जाऊन बसली. जेवायला बसलेल्या मोठ्यांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त भुंगीने, आणि बॉबिन काढायला ती ताटावरून उठलीसुद्धा. एरवी ‘ताटावरून उठायचं नाही’ म्हणून डोळे मोठे करणारी तिची आजीही त्या वेळी गप्प होती.

कारण आत्ताच भुंगीच्या आईने मान खाली घालून एक वाक्य उच्चारलं होतं. ‘आबा, ती गाडी मला नको.’

आबा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खुर्चीत बसताना अजून डावा पाय आपसूक क्लच शोधायचा. ज्या गाडीला सून नको म्हणत होती, ती मोटारसायकल त्यांनी स्वतः शोधली होती, गॅरेजवाल्याला गळ घालून चालवून बघायला मागून आणली होती, आणि गेले काही दिवस रोज सकाळी फडक्याने पुसली होती. बॉबिनचा आवाज विरला तशी त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, काय वाईट आहे त्या गाडीत.

सुनेला पटकन सांगता येईना. गावात तिला सगळे नर्सबाई म्हणत; घरात मात्र ती सूनबाई, आई आणि ‘अगं’ एवढीच होती. दवाखान्यात कितीही मोठ्या माणसाला दंडाला धरून सुई टोचणारी ही बाई, आबांपुढे बोलायचं म्हटलं की अडखळायची. भीतीने नव्हे. या माणसाने आपल्यासाठी जे केलं, त्यापुढे नको म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

गोष्ट अशी होती. गावाच्या वर डोंगरात काही वस्त्या होत्या. तिथल्या लेकरांना लसी द्यायला, गरोदर बायकांना तपासायला पूर्वी दवाखान्याची जीप जायची. एका वर्षी ती जीप एका लाकडी पुलासकट वाहून जाता जाता वाचली, आणि तेव्हापासून चालकाने वर जाण्याचं नाव टाकलं. वर एक उपकेंद्र होतं, त्याला लागून एक खोली होती. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नर्सबाईला बोलावून स्पष्ट सांगितलं, की वस्त्यांचं काम आता तिच्याकडे. एकतर वरच्या खोलीत राहा आणि रविवारी खाली या, नाहीतर स्वतःच्या गाडीने रोज जाऊन येऊन करा. पण तसं करायचं असेल तर महिना संपायच्या आत एक फेरी एकटीने करून दाखवा. पेटीतल्या लसी थंड राहिल्या पाहिजेत आणि उजेड असेपर्यंत परत आलं पाहिजे. डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. त्या रस्त्यावर भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात हे त्यांना माहीत होतं, एवढंच.

त्या खोलीत भुंगीला नेण्यासारखं नव्हतं. दिवसभर आई वस्त्या पालथ्या घालणार, लेकराकडे बघणार कोण? म्हणजे रविवार ते रविवार. भुंगी अजून झोपताना आईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरल्याशिवाय डोळे मिटत नव्हती. सतत काहीतरी गुणगुणायची म्हणून तिला सगळे भुंगी म्हणत. आणि ती गुणगुण थांबली की आई झोपेतूनही दचकून जागी व्हायची. असं लेकरू आठवडाभर मागे ठेवून जाणं तिला जमणारं नव्हतं.

हे घरी सांगितलं तेव्हा नवरा शिवता शिवता थांबला होता, सासूबाई ‘बघू’ म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आबांनी शिकण्यापुरती कुठूनतरी एक जुनी मोटारसायकल मागून आणली, सुनेला बाजाराच्या रिकाम्या पटांगणात नेलं आणि स्वतः एका तेलाच्या उलट्या पिंपावर बसून तिला गाडी शिकवायला सुरुवात केली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं येणारे-जाणारे म्हणत. म्हातारा पिंपावरून ‘क्लच’ असं ओरडायचा आणि सून गाडीसकट ढांगा टाकत पुढे जायची. लोक हसले. आबांनी बसच्या प्रवाशांकडे जन्मभर जसं दुर्लक्ष केलं होतं, तसंच त्यांच्याकडेही केलं. तिच्या माहेरी सायकलसुद्धा भावांनाच मिळाली होती. इथे एक म्हातारा माणूस उन्हात टाळू तापवून तिला गिअर शिकवत होता, आणि गाडी बंद पडली की चिडायचं सोडून ‘तुझी चूक नाही, पोरी, इंजिन गार आहे,’ म्हणत होता.

मग आता त्याच आबांना कसं सांगायचं, की तुम्ही निवडलेली गाडी मला पेलत नाही?

पण सांगावं तर लागणारच होतं. तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. आज दुपारी आबा घरी आल्यावर तिने एकटीनेच ती गाडी पटांगणामागच्या उतारावर नेली होती. तिथे रोज दुपारच्या पावसाचं पाणी साचून तांबड्या मातीचा लगदा होतो. चढावर गाडी बंद पडली आणि एखादी म्हैस चिखलात बसावी तशी, काही घाई न करता, तिच्या अंगावर कलत कलत आडवी झाली. तिला लागलं नाही. पण तिने ओढून पाहिलं, रेटून पाहिलं, टाकीला मिठी मारून पाहिलं; गाडी तसूभरही उठली नाही. शेवटी बाजारातले हमाल आले आणि हसत हसत त्यांनी ती उभी करून दिली. ‘वर हमाल नाहीत, आबा,’ ती म्हणाली.

आबांनी मान हलवली, पण ती ‘नाही’ची होती. त्यांचं म्हणणं असं, की पडलीच कशी? हलक्या गाड्या पडतात. वजन असलं की गाडी रस्ता धरते. रिकामी बस घसरते, भरलेली बस घसरत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. त्या गाडीची टाकी बघ, टायर बघ, इंजिनाचा आवाज बघ, कसा खर्जातला आहे.

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी आपल्या पानातला भात नीट एका कडेला केला आणि म्हणाल्या, ‘तुमची बस त्या वर्षी गटारात कलंडली होती, ती कुणी काढली?’

‘क्रेन आली होती.’

‘मग हिच्याबरोबर रोज क्रेन पाठवणार आहात का?’

नवऱ्याला हसू आवरेना, म्हणून त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. हा नवरा शिंपी होता, आणि घरातल्या भांडणातही दोन्ही कडांना सारखीच शिलाई घालायचा. आबांनाही ‘बरोबर आहे’ म्हणायचा आणि बायकोलाही. त्या दिवशी मात्र तो कुठल्याच कडेला गेला नाही. आबा उठले, हात धुतले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यांची पाठ दारातून दिसत होती. सुनेला वाटलं, जाऊन म्हणावं, आबा, राहू दे, मी त्याच गाडीवर शिकेन. ओठांवर आलंसुद्धा. तेवढ्यात भुंगी कपाटाखालून बॉबिन आणि बरीचशी धूळ घेऊन बाहेर आली, आणि तिला आंघोळ घालण्यात ते राहून गेलं.

सकाळी आबा घरात नव्हते. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, उजाडायच्या आतच गेलेत, चहासुद्धा न घेता. सुनेच्या मनात नको नको ते आलं. रागावले असतील. नाहीतर हट्टाने त्याच गाडीचा सौदा पक्का करून येतील, मग काय बोलणार. ती कामावर जायच्या तयारीत असताना आबा परत आले. तिच्याकडे न बघताच म्हणाले, रविवारी चिखलात लोळले तरी चालतील असे कपडे घाल. आणि मुलाला म्हणाले, त्या लसींच्या पेटीचं माप घेऊन ये, तिच्याइतक्या वजनाचं गाठोडं पाहिजे.

रविवारी पटांगणात गॅरेजवाल्याने आपल्याकडच्या मोटारसायकली ओळीने उभ्या केल्या होत्या, धुऊन, पुसून, आरसे वळवून. गॅरेजवाला बोलघेवडा होता. त्याच्याकडे वाईट गाडी नसायचीच; एक ‘चांगली’ असायची आणि बाकीच्या ‘फारच चांगल्या’. त्याने पहिल्या गाडीचं गुणगान सुरू केलं. आबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

‘आधी आडवी कर,’ ते म्हणाले.

‘म्हणजे?’

‘पाड. त्या चिखलात. ही उचलणार, मग पुढचं बोलू.’

गॅरेजवाल्याचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या पोटच्या पोरीला विहिरीत ढकलायला सांगितलंय. ‘काका, इतकी वर्षं धंदा करतोय. गिऱ्हाईक गाडी उभी बघतं. आडवी कोण बघतं?’

‘वरच्या रस्त्यावर ती जेव्हा आडवी होईल, तेव्हा बघायला तू नसशील,’ आबा म्हणाले. ‘म्हणून आत्ता बघतोय.’

अशा रीतीने गाडी निवडण्याची ती अजब पद्धत सुरू झाली. पहिली गाडी उंच होती, देखणी होती, चाकांना मोठे खवले होते. गॅरेजवाल्याने ती लेकराला झोपवावं तशी हळूच चिखलात निजवली. सुनेने हँडल धरून जोर लावला. कंबरेत कळ आली, गाडी गुडघ्याएवढी उठली आणि परत बसली. तिने पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. पटांगणाच्या कडेला आता बघे जमू लागले होते, आणि एकाने तर शेंगा खायला बसून घेतलं होतं. ‘नर्सबाई, सलाईन लावा तिला,’ असंही कुणीतरी म्हणालं.

सासूबाई भुंगीला घेऊन, किटलीत चहा घेऊन नुकत्याच आल्या होत्या. त्या काठी टेकत चिखलाच्या कडेपर्यंत आल्या, सुनेच्या धडपडीकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, अशी काय ओढतेस? मला उचलायचीस तशी उचल की.’

सून थांबली.

एका पावसाळ्यात सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हा त्या पलंगावरून उठू शकत नव्हत्या. त्यांचं अंग तेव्हा चांगलं भारी होतं आणि सून काटकुळी. तरी रोज सकाळी तीच त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर करायची. नर्सचं कामच ते. पेशंट हातांनी उचलायचा नसतो. त्याला आपल्या अंगाशी घ्यायचं, आपली पाठ सरळ ठेवायची, गुडघे वाकवायचे आणि उठायचं ते मांड्यांवर. हे तिला झोपेतही येत होतं. फक्त लोखंडाच्या बाबतीत ते सुचलं नव्हतं.

ती वळली. गाडीकडे पाठ केली, सीटच्या कडेला कंबर टेकवली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागचा लोखंडी दांडा धरला, खाली बसली आणि बारीक बारीक पावलं टाकत मागे रेटत उठली. गाडी तिच्याबरोबर उठली. शेंगा खाणारा खायचा थांबला.

पण ती गाडी उभी राहिल्यावर तिचे पाय जमिनीला नुसते बोटांनी लागत होते. गॅरेजवाल्याने जाड तळाचे बूट सुचवले. आबांनी ती बाजूला करायला सांगितली. मग एक स्कूटर आली. ती सुनेला मनापासून आवडली. पाय ठेवायला जागा, पेटी ठेवायला जागा, उचलायला सोपी. पण आबांनी तिच्या वाटेत एक मोठा दगड ठेवला, आणि स्कूटर त्यावर पोट टेकून अडकली. लहान चाकं गाडीच्या चाकोरीत गेली की बाहेर येईनात. सुनेने नाइलाजाने मान हलवली.

मग आबांची लाडकी, ती जड गाडी आली. आबांनी ती स्वतः आडवी केली, पण चिखलात नव्हे, बाजूच्या कोरड्या जमिनीवर. एवढा पक्षपात त्यांनी केलाच, आणि कुणी काही म्हटलं नाही. सून पाठ लावून बसली, दात आवळले, आणि मांड्या थरथरत असताना ते धूड तिने उभं केलं. टाळ्या पडल्या. आबांच्या डोळ्यांत दिवा लागल्यासारखं झालं. सुनेच्या मनात आलं, संपलं, हीच घेऊ, यांचा आनंद असाच राहू दे.

पण तो दिवा आबांनीच मालवला. ‘आता गाठोडं बांध,’ ते मुलाला म्हणाले. ‘आणि चिखलात घे.’

चिखलात, मागे ओल्या वाळूचं गाठोडं बांधलेलं असताना, ती अर्ध्यापर्यंत आली, सुनेचे पाय सरकले आणि दोघी खाली बसल्या. सून पुन्हा पाठ लावू लागली. तिला आबांसाठी एकदा तरी ती उचलायची होती. आबा चिखलात उतरले. त्यांनी तिच्या दंडाला धरून उठवलं.

‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘बस कधी आडवी होऊन आपल्या अंगावर येत नाही गं. म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही.’

मग गॅरेजवाल्याला हाताशी घेऊन त्यांनी ती उभी केली, ढकलत बाजूला नेली, टाकीवरचा चिखल हाताने पुसला आणि परत तिच्याकडे पाहिलं नाही.

गाड्या संपत आल्या होत्या. एक मागे झाकून ठेवलेली होती; गॅरेजवाला म्हणाला, ती दाखवण्यासारखी नाही, दूधवाल्याची आहे. एका दूधवाल्याने तिला वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंना कॅन लावून आडवाटांनी फिरवलं होतं. सीट फाटलेली, रंग उडालेला, हॉर्न मुका. पण चाकं मोठी आणि अरुंद होती, इंजिनाचं पोट जमिनीपासून चांगलं वर होतं, चेन पूर्ण पत्र्याच्या पेटीत बंद होती म्हणजे चिखल आत जायला वाव नाही, आणि पहिला गिअर इतका संथ की माणूस शेजारून चालत गप्पा मारू शकेल. कॅरिअर तर एवढं सपाट आणि रुंद, की लसींची पेटी त्यावर जन्माला आल्यासारखी बसली असती. आबांनी किक मारली. गाडी शेळी शिंकल्यासारखी शिंकली आणि तशीच बारीक आवाजात चालू राहिली.

आबांनी डोळे मिटून ऐकलं. खर्जावर जीव असलेल्या माणसाला ते जड गेलं असणार. ‘आवाज लहान आहे,’ ते शेवटी म्हणाले, ‘पण तुटत नाही.’

सुनेने ती कोरड्यात उचलली, चिखलात उचलली, गाठोड्यासकट उचलली, चढावर तोंड करून उचलली. मग आबांनी सांगायच्या आधीच स्वतः पाडून उताराच्या बाजूने उचलली. भुंगीने ‘आता मी’ म्हणून हट्ट धरला, तेव्हा सगळ्यांनी मिळून गुपचूप हात लावला आणि भुंगीनेही ती उचलली.

पुढचे दिवस घरात जणू लगीनघाई होती. आबांनी टायर बदलून घेतले, हॉर्नला वाचा आणली, पेट्रोलची चावी डोळे मिटून बंद करायला सुनेला शिकवलं. नवऱ्याने जाड किंतानाच्या दोन थरांमध्ये कापूस घालून पेटीसाठी अंगरखा शिवला, त्याला चारी बाजूंनी पट्टे लावले आणि वर, कुणी सांगितलं नव्हतं तरी, पावसासाठी झडप लावली. बायकोने पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाली, माझ्या कपड्यांना कधी इतकी मजबूत शिलाई घातली नाही. तो म्हणाला, तुझे कपडे डोंगरावरून पडणार नव्हते.

फेरीच्या दिवशी आबा म्हणाले, मी कुणाच्या तरी गाडीवर मागून येतो, लांबूनच. सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आबा पायरीवर बसले.

रस्ता गाव सोडेपर्यंत रस्ता होता. मग तो कधी ओहोळ झाला, कधी दगडांची रास, कधी लाल साबण. केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं, ऊन ओल्या कपड्यांतून भाजत होतं, आणि गाडी शिंकत, कुरकुरत, पहिल्या गिअरमध्ये चढत होती. लाकडी पुलाच्या जागी आता नुसत्या दोन फळ्या होत्या. ती उतरली, इंजिन चालू ठेवून गाडी एका फळीवरून चालवत नेली आणि स्वतः दुसरीवरून गेली, म्हातारीला हाताला धरून न्यावं तशी.

पडली ती ओढ्यापलीकडच्या चढावर. पुढच्या चाकाखालचा दगड फिरला, हँडल हातातून निसटलं आणि आकाश आडवं झालं. मग एकदम शांतता. किड्यांचा आवाज सोडला तर कुठे काही नाही. कोपर सोललं होतं, बाही फाटली होती. तिने आधी पेट्रोल बंद केलं, मग पेटी पाहिली. अंगरख्यातली पेटी जशीच्या तशी होती. मग तिने आजूबाजूला पाहिलं. पुढे, मागे, झाडांत कुणी म्हणजे कुणी नव्हतं. रडू यायला काही हरकत नव्हती, आलंही थोडंसं.

मग ती वळली, गाडीला पाठ लावून खाली बसली, आणि त्या पावसाळ्यात रोज सकाळी सासूबाईंना जे म्हणायची ते तिच्या तोंडून आपोआप निघालं. ‘आई, अंग सैल सोडा. मी आहे.’

गाडी उठली.

वस्त्यांवर बायका आधी गाडीचा आवाज ऐकून कोण आलं म्हणून बाहेर आल्या, मग तिचा अवतार बघून पाण्याची घागर घेऊन आल्या. लेकरं एकेक करून आईच्या मांडीवर रडली आणि एकेक करून गप्प झाली. एका बाईने आपलं बाळ पुढे करताना सांगितलं, याच्या मोठ्या भावाच्या वेळी आम्ही जीपची वाट पाहिली होती, ती आलीच नाही. नर्सबाईने त्या बाळाचा दंड धरला आणि तिचा हात एरवीपेक्षा जरा हळू चालला. शेवटच्या वस्तीवर पेटी उघडली तेव्हा आत बर्फ अजून खडखडत होता.

खाली दवाखान्यात पोचली तेव्हा उजेड होता. डॉक्टरीणबाईंनी पेटीत हात घालून पाहिला, तापमापी पाहिली, तिचं कोपर पाहिलं. ‘वरच्या खोलीचं कुलूप मी उघडत नाही मग,’ एवढंच म्हणाल्या, आणि स्वतः कोपराला पट्टी बांधून दिली.

घरी आबा त्याच पायरीवर होते. तिने गाडी लावली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

‘डावीकडे पडलीस,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘उचललीस?’

‘उचलली.’

आबा उठले, बादली भरून आणली आणि गाडी धुवायला बसले. पाठ घराकडे करून बसले, आणि स्वच्छ झालेली जागासुद्धा बराच वेळ धूत राहिले. सासूबाईंनी अंगावर घ्यायला पाणी तापत ठेवलं होतं, ते कधीपासून, कोण जाणे. भांड्यातलं अर्धं आटलं होतं. नवऱ्याने काही न बोलता फाटक्या बाहीचं माप दोन बोटांनी घेतलं. तिला या सगळ्यांना काहीतरी सांगायचं होतं. पण त्या घरात आभार मानायची कुणाला सवय नव्हती. मानले असते तर सासूबाई ‘ताप आलाय का’ म्हणून कपाळाला हात लावून बघत्या. म्हणून ती जेवायला बसली, पोटभर जेवली, आणि सासूबाईंनी न विचारता पुन्हा वाढलेलंही संपवलं. आबांनी गाडीबद्दल शंभर प्रश्न विचारले. कुठल्या वळणावर, कुठल्या गिअरमध्ये, दगड केवढा. तिने सगळ्यांची उत्तरं दिली. ओठांवर रडू आणि हसू एकाच वेळी येत होतं, आणि ती एकेक घास घेत सांगत होती.

भुंगी इतका वेळ गप्प होती. गुणगुणतसुद्धा नव्हती. ती आईच्या मांडीवर चढली, पट्टीवर हळूच फुंकर घातली आणि आईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली.

‘आई, मी पडले की तू लांब असलीस तरी तुला लगेच कळतं,’ ती म्हणाली. ‘मग तू पडलीस, तेव्हा मला का नाही आवाज आला?’